घर घेताना पावलं मोजा

निवृत्त झालात, एकटे आहात आणि गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी टू बीएचके घ्यायला निघाला आहात. टोकन द्यायच्या आधी जरा थांबा. रात्री आठ वाजता दूध नासलं तर जवळ दुसरं मिळेल? चालत जाता येईल? आणि त्या वाटेवर तुम्हाला नावानं हाक मारणारं एक तरी माणूस भेटेल?

तिन्हींचं उत्तर नकारार्थी असेल, तर ते घर तुमचं नाही. गाडी चालवणाऱ्या चाळिशीतल्या जोडप्याला ते छान असेल. त्यांना घेऊ द्या.

मुळशी, पानशेत, कर्जत, तळेगावच्या पुढची जाहिरात पाहा. हिरवळ, क्लबहाऊस, योगा डेक आणि बाल्कनीत चहा पिणारं पांढऱ्या केसांचं जोडपं. कायम जोडपंच. एकट्या माणसाचं चित्र मला अशा जाहिरातीत कधी दिसलं नाही. आणि त्या जोडप्याचं तरी पुढे काय होतं? आपल्याकडे साठी-सत्तरीतल्या बहुतेक घरांत गाडी एकच जण चालवतो. तो गेला, किंवा त्याला रात्रीचं दिसेनासं झालं, की बंगला राहतो, बाग राहते, आंब्याला मोहरही येतो आणि मागं राहिलेली बाई हायवेपर्यंत सोडायला कुणी येतंय का याची वाट बघत बसते. माझ्या ओळखीच्या माणसांत हे झालंय. बंगला विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळेना, राहायला जावं तर भीती वाटते. अशी वर्षं जातात.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं एक कोटीहून जास्त होती. आज अर्थातच वाढली आहेत. त्यांत विधवा आहेत, विधुर आहेत, घटस्फोटित आहेत, कधी लग्नच न केलेले आहेत. ही माणसं घर निवडतात तेव्हा त्यांना सल्ला देणारे सगळे दर चौरस फुटाबद्दल बोलतात. घरापासून भाजीवाल्यापर्यंत किती पावलं, हे कुणी सांगत नाही. एकट्याच्या म्हातारपणात मला तोच आकडा सगळ्यांत मोठा वाटतो.

दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी जाऊन बसा. कट्ट्याची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर भरते. काही जण फेऱ्या मारतात, काहींची एकच होते, काही नुसतेच बसतात. रोज त्याच जागी बसणारी माणसं असतात. त्यांतलं कुणी चार दिवस दिसलं नाही तर पाचव्या दिवशी विचारणा होते. यासाठी कुणी कुणाला आमंत्रण देत नाही, फोन करून वेळ ठरवत नाही, चहा-पोह्यांची तयारी करत नाही. मैत्री व्हायला लागतं ते एवढंच: तीच माणसं, तीच जागा, पुन्हा पुन्हा. अमेरिकेतल्या रे ओल्डेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं १९८९ मध्ये यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. घर आणि कामाची जागा यांखेरीज माणसाला तिसरी एक जागा लागते, असं त्याचं म्हणणं. निवृत्त माणसाची दुसरी जागा गेलेली असते. एकट्याच्या पहिल्या जागेत कुणी नसतं. त्याच्याकडे तिसरीच उरते, आणि आपण घर घेताना नेमकी तीच बघत नाही.

ही तिसरी जागा बिल्डर बांधून देऊ शकत नाही. क्लबहाऊसला कुलूप असतं, चावी वॉचमनकडे असते आणि आत टेबल टेनिसच्या टेबलावर धूळ असते. जुन्या वस्त्यांमध्ये ती शंभराहून जास्त वर्षांत तयार झालेली आहे. विलेपार्ल्यात लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, तलावपाळी आणि गडकरी रंगायतन तिथून चालण्याच्या अंतरावर. पुण्यात नगर वाचन मंदिर १८४८ पासून. या संस्थांच्या पंधरा मिनिटांच्या टापूत एक खोली-स्वयंपाकघर मिळालं, तरी मी ते डोंगराच्या कुशीतल्या तीन खोल्यांपेक्षा वरचं मानीन.

पण नुसतं जवळ असून भागत नाही, तिथवर चालता आलं पाहिजे. आणि चालणं म्हणजे काय, हे गुडघे दुखायला लागल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही पदपथावर शंभर मीटर चालून बघा. सुरुवातीला वीतभर उंच कडा. चढलात. दहा पावलांवर सोसायटीचं गेट, तिथं पदपथ गाडीसाठी तिरका उतरलेला. उतरलात. पुन्हा चढलात. पुढे विजेची डीपी, तिला वळसा घालायला रस्त्यावर. मग उखडलेले पेव्हर ब्लॉक, त्यांतला एक पाय ठेवताच डुगडुगतो आणि खालचं पाणी साडीवर उडतं. मग तिरक्या लावलेल्या दुचाकी. शेवटी माणूस रस्त्याच्या कडेनंच चालायला लागतो आणि मागून रिक्षावाला हॉर्न देतो. इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१२ मध्येच लिहून ठेवलंय की निवासी भागात पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. दोन माणसं शेजारून गप्पा मारत जाऊ शकतील एवढी ती रुंदी. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ केले, बसायला बाकं ठेवली, तर तिथं म्हातारी माणसं दिसायला लागली. ती आधीही शहरात होतीच. घरात होती.

आणि स्वच्छतागृह. हा विषय कुणी काढत नाही म्हणून मी काढते. साठीपुढची बाई किती लांब चालेल हे तिचे पाय ठरवत नाहीत, वाटेत वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे की नाही यावर ते ठरतं. ते नसलं तर ती सकाळपासून पाणी कमी पिते, आणि काही दिवसांनी बाहेर पडणंच कमी करते. घर बघायला जाल तेव्हा बागेतलं स्वच्छतागृह उघडं आहे का, आत नळाला पाणी आहे का, हे स्वतः जाऊन पाहा. मास्टर बेडरूमच्या टाइल्स त्यानंतर.

आता माणसांकडे वळू. कट्टा बहुतेक ठिकाणी पुरुषांचा असतो, हे मान्य करा. एकट्या बाईनं तिथं बसावं तर दोन दिवस माना वळतात. बायकांच्या जागा वेगळ्या: भजनी मंडळ, देवळाचा ओटा, वाचनालयातली दुपार, भाजीबाजार, भिशी. तेव्हा एकट्या बाईनं घर घेण्याआधी त्या वस्तीत एक चौकशी जरूर करावी. इथल्या हळदीकुंकवाला कुणाकुणाला बोलावतात? ज्या कॉलनीत संक्रांतीला विधवेच्या दारावरून बायका पुढे जातात, तिथं लिफ्ट असो, जिम असो, चोवीस तास पाणी असो, ती जागा एकट्या बाईसाठी राहण्यालायक नाही. हे बदलता येतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं बंद केलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. एक खेडं हे करू शकतं, तर महानगरातल्या सुशिक्षित सोसायटीच्या महिला मंडळाला काय अडचण आहे?

एकट्या पुरुषाची गोष्ट निराळी. त्याला कट्टा मिळतो, पण बऱ्याच जणांना स्वयंपाक येत नाही. त्यानं पोळी-भाजी केंद्र किती पावलांवर आहे ते आधी मोजावं. डबा दारात येतो हे खरं, पण डबा दारात आला की दिवसभरात बाहेर पडायचं आणखी एक कारण संपतं. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अ‍ॅपचंही तेच. आजारपणात ते मोठा आधार आहे. रोजची सवय केलीत तर वाणी तुम्हाला विसरेल, आणि तुम्ही आठवडाभर दिसला नाहीत हे ज्याच्या लक्षात आलं असतं तो माणूस तुम्ही गमावाल.

शहर परवडत नाही म्हणणाऱ्यांना मी तालुक्याचं गाव सुचवते. खेड्यातलं वडिलोपार्जित घर सुचवत नाही, तिथं पावसात वीज गेली की दोन दिवस येत नाही आणि दवाखाना लांब. तालुक्याच्या किंवा जुन्या संस्थानच्या गावी मात्र सगळं हाकेच्या अंतरावर असतं. वाईला कृष्णेचा घाट आहे, ढोल्या गणपती आहे, टिळक ग्रंथसंग्रहालय आहे, विश्वकोशाचं कार्यालय आहे, उन्हाळ्यात व्याख्यानमाला असते. सावंतवाडीत गावाच्या मधोमध मोती तलाव आहे आणि संध्याकाळी त्याच्या काठानं फिरायला गाव लोटतं. एसटी स्टँड चालत गाठता येईल असं घर बघा. एसटीत ७५ च्या पुढे २०२२ पासून तिकीटच नाही, ६५ ते ७५ ला अर्धं, आणि बायकांना २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं. रेल्वेच्या भरवशावर मात्र राहू नका. कोकण रेल्वेची सावंतवाडी आणि रत्नागिरी ही स्थानकं गावापासून लांब आहेत, दर वेळी रिक्षा करावी लागते. आणि गुडघ्यांसाठी तळमजला घ्यायचा असेल तर चिपळूणला २००५ आणि २०२१ मध्ये, सांगलीला २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये त्या गल्लीत पाणी कुठवर आलं होतं, हे समोरच्या दुकानदाराला विचारा. एजंटला नको.

विकत घेण्याची घाई तर करूच नका. अकरा महिन्यांच्या करारावर भाड्यानं राहा आणि त्यात एक पावसाळा येऊ द्या. जो रस्ता जानेवारीत फिरायला सुरेख वाटला त्याच्यावर जुलैत घोटाभर पाणी असतं. भाड्यानं घर शोधताना "एकट्या बाईला देत नाही" हे ऐकावं लागेल. मलाही ऐकावं लागलं आहे. पस्तीस वर्षं नोकरी केलेल्या, पेन्शन असलेल्या, वेळेवर भाडं देणाऱ्या बाईला घर नाकारण्यात कसला आलाय शहाणपणा? ज्या घरमालकांची स्वतःची आई गावाकडे एकटी राहते, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

भाड्यानं राहून जागा पटली की मग घ्या. मोठं घर विकून लहान घ्या. बाईच्या नावावर घर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, ती सोडू नका. विक्रीच्या नफ्यावरचा कर किती वाचतो ते सीएला आधी विचारा, व्यवहार झाल्यावर नाही. आणि हे साठीच्या आसपास करा. पंच्याहत्तरीला बिऱ्हाड हलवलं तर सामान लागतं, माणसं लागत नाहीत. ओळखी व्हायला पाय चालते असावे लागतात.

घर बघायला रविवारी सकाळी बिल्डरच्या गाडीतून जाऊ नका. मंगळवारी संध्याकाळी बसनं जा. स्टॉपवर उतरून घरापर्यंत चाला, वाटेत भाजी घ्या, कुठे टेकायला जागा आहे का बघा, लिफ्ट असली तरी वीज गेल्यावर ती चालते का विचारा. अंधार पडल्यावर परत चाला. त्या तासाभरात जे कळेल ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं.

यातली एक अडचण मात्र एकट्यानं सुटणारी नाही. दादर, पार्ले, नौपाडा, डेक्कन, सदाशिव पेठ इथल्या लहान खोल्यांच्या जुन्या इमारती पाडल्या जात आहेत. नव्या इमारतीत लिफ्ट येते, ते चांगलंच. पण खाली पार्किंगचे मजले, वर दोन-तीन बेडरूमची घरं, आणि एक खोलीचं घर नकाशातच नसतं. म्हणजे जिथं एकट्या निवृत्त माणसानं राहावं अशा वस्त्यांत त्याला परवडणारं घरच उरत नाही, आणि मग तो डोंगराच्या पायथ्याशी ढकलला जातो. तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची सभा लागली असेल तर जा. कार्पेट एरिया आणि कॉर्पस फंडावर बोलून झालं की हात वर करा आणि लहान घरं, रस्त्याकडे तोंड केलेली चार दुकानं आणि गेटाबाहेर एक बाक यांची मागणी इतिवृत्तात लिहून घ्या. हे नकाशा महापालिकेत जाण्याआधी करा. मंजुरीनंतर तो बदलून घेणं फार अवघड असतं.