सोळा-आठ मास्तर

करजगीत माणसाला नाव दोनदा मिळतं. एकदा बारशाला, आणि एकदा गावाला सुचेल तेव्हा. आमच्या मास्तरांचं दुसरं नाव पेन्शनीत निघाल्यावर पडलं: सोळा-आठ. सोळा तास पोटात काही नाही, आठ तासांत काय ते खाणं. दुपारी बाराला सुरू, रात्री आठला बंद. पोस्टाच्या खिडकीलाही एवढी शिस्त नसेल.

असा माणूस आता गावोगाव निघतो. शहरातल्या सोळा-आठवाल्याचं बरं असतं, तिथं कोण कुणाला जेवलास का म्हणून विचारतंय? करजगी पडलं अफझलपूर तालुक्यात. इकडं सोलापूर जिल्ह्याची शीव, तिकडं गाणगापूर. इथं माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘जेवण झालं का?’ कानडी बोलणारा असला तर ‘ऊटा आतेनरी?’ दोन्ही भाषांत उत्तर एकच असतं, ‘झालं’, मग झालेलं असो-नसो. मास्तर मात्र सकाळी दहा वाजता या प्रश्नाला खरं उत्तर देतात, आणि तिथून पुढचा पाऊण तास दोघांचाही जातो.

“लई वाळलाव की मास्तर! शुगर निघाली का?”

हा पहिला हल्ला. आमच्याकडं वजन कमी झाल्याची बातमी चांगली कधीच नसते. माणूस वाळला म्हणजे शुगर, टीबी, नाहीतर कोर्टकज्जा. मास्तर हसून सांगतात की वजन त्यांनी मुद्दाम उतरवलंय. यावर समोरच्याची खात्रीच पटते की कोर्टकज्जा असावा.

मास्तरांना हे वेड लावलं लातूरनं. २०१८च्या सुमाराला सगळ्या मराठी मुलखात डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं नाव गाजत होतं. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवलेले, डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढं नेणारे. दिवसातून दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा खायचं, आणि दर वेळी ५५ मिनिटांत उरकायचं. मधे पाणी, पातळ ताक, नाहीतर बिनसाखरेचा काळा चहा. त्याच सुमाराला ऋजुता दिवेकरांचे वाचक दर दोन तासांनी थोडं-थोडं खात होते. मास्तर दीक्षितांकडे गेले, सूनबाई दिवेकरांकडे, आणि मास्तरीणबाई दोघांच्या मधे चुलीपाशी राहिल्या. पण मास्तरांची ५५ मिनिटं एका लग्नाच्या पंगतीत संपली. पाट मांडल्यावर अर्धा तास कुणी वाढायलाच आलं नाही, आणि पुरणपोळी आली तेव्हा मास्तर घड्याळ बघून उठले. वधूपित्याला वाटलं, मानपानात काहीतरी चुकलं. ते प्रकरण मिटवायला चार माणसं लागली. पुढं लॉकडाऊनमध्ये बेंगळुरूहून घरी आलेल्या पोरानं सोळा-आठ शिकवलं. आठ तासांत कुठलीही पंगत बसते.

तेव्हापासून मास्तरांचा खरा व्यवसाय खंडनाचा. उपवास ते सोळाच तास करतात, उत्तरं चोवीस तास देतात.

त्यांचं मोठं हत्यार जपानी आहे. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकाचं नोबेल मिळालं. उपाशी पेशी आपलाच मोडकातोडका माल पचवून पुन्हा कामाला कशी लावते, याची यंत्रणा त्यांनी उलगडली. मास्तर हे पारावर फार रंगवून सांगतात. पलीकडच्या वाड्यातल्या अक्कांनी एकदा सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हंजे माणूस आतनं स्वतःलाच खायलाय? त्यापरीस भाकर काय वाईट?” ओसुमींनी हे काम पाव फुगवायच्या यीस्टवर केलं, एवढी गोष्ट मात्र मास्तर भरभर उरकतात.

सुट्टीत आलेला सॉफ्टवेअरवाला पुतण्या मोबाईल उघडूनच बसला. म्हणाला, “काका, २०२४च्या मार्चमध्ये अमेरिकेत हृदयवाल्यांच्या परिषदेत सांगितलंय, आठ तासांत खाणाऱ्यांमधे हृदयविकारानं मरायचं प्रमाण ९१ टक्के जास्त आहे.” पारावर शांतता पसरली. मास्तरांनी चष्मा पुसला. “वीस हजार माणसांना दोन दिवस काय खाल्लं ते विचारलं, आणि त्यावरनं पुढच्या कित्येक वर्षांचा निकाल लावला. मी दोन दिवसांची हजेरी बघून तुला नापास केलं असतं, तर तुझ्या बापानं मला सोडलं असतं का?” मुद्दा बिनतोड होता. पण २०२२ साली चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांवर वर्षभर प्रयोग झाला होता. सगळ्यांनी खाणं मोजून कमी केलं, त्यातल्या निम्म्यांनी ते आठ तासांत बसवलं; वर्षअखेरीला दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक नव्हता. हे मास्तरांना ठाऊक आहे. ते त्याबद्दल बोलत नाहीत. आणखी एक गोष्ट त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. शुगरच्या गोळ्या खाणारा कुणी त्यांचा चेला व्हायला आला, तर ते त्याला पारावरूनच परत धाडतात: आधी डॉक्टरला विचार, गोळी घेऊन उपाशी राहिलास तर भोवळ येऊन पडशील.

धर्मशास्त्राच्या बाजूनंही त्यांना सुख नाही. शेजारच्या चाचांनी एकदा बारीक चौकशी केली. पाणी चालतं, हे कळल्यावर ते हळहळले. “पानी पीते सो रोजा कैसा जी मास्तर?” मग मास्तरांनी गाणगापूर काढलं. तिथं दुपारी बाराला दत्तमहाराज भिक्षेला येतात अशी श्रद्धा, त्याच वेळी भक्तही पाच घरं माधुकरी मागतात. “बघा, म्हणजे बाराचीच वेळ आली!” यावर देवळातले पुजारी म्हणाले, “भक्त तोवर संगमावर अनुष्ठान करतात मास्तर. तुम्ही मोबाईल बघत बसताव.”

चहाचं प्रकरण मात्र नाजूक. ‘कपभर चहानं काय होतंय?’ या प्रश्नाला वैद्यकात उत्तर आहे, पण खेड्यात नाही. मास्तर ‘काळा, बिनसाखरेचा चालेल’ म्हणाले की घरची बाई खट्टू होते. पाहुण्याला आपल्याकडं दूध नाही असं वाटलं की काय! आणि चहा नाकारणं म्हणजे नुसता चहा नाकारणं नसतं. कुणाच्या घरचं पाणी कुणाला चालत नव्हतं, ते दिवस बघितलेली माणसं अजून ओसरीवर बसलेली आहेत. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी, वेशीबाहेरच्या वस्तीतला. पोरीला नर्सिंगला प्रवेश मिळाला म्हणून सकाळी नऊलाच बोलवायला आला. मास्तर गेले. नवा कप, दुधाचा चहा, वर सायीची सुरकुती, तळाशी न विरघळलेली साखर. मास्तरांनी तो बशीत ओतला, फुंकर घालत शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि इन्सुलिनचं नावही काढलं नाही. त्यांनी आजवर दिलेल्या सगळ्या उत्तरांत मला हे एक पटतं.

वेळ अमावास्येचं तर बोलायलाच नको. त्या दिवशी गाव शेतात असतं. कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, आणि मडक्यातली आंबील, भज्जी, उंडे, खीर. कुणाच्याही बांधावरून जाणाऱ्याला खाल्ल्याशिवाय पुढं सोडत नाहीत. मास्तर त्या दिवशी बारापर्यंत घराबाहेरच पडत नाहीत, आणि नंतर आठपर्यंत घरी परत येत नाहीत.

मास्तरीणबाईंची टीका या सगळ्यांहून वेगळी. त्यांना ओसुमीचं काही पडलेलं नाही. “सकाळी सातला सगळ्यांचं, बाराला ह्यांचं, संध्याकाळी पोरांचं, आठच्या आत परत ह्यांचं. उपास ह्यांचा अन् चूल माझी.” यावर तोडगा निघाला तो कडक भाकरीचा. ती कधीही मोडा. पावणेबाराला मास्तर पाटावर बसतात. ताटात कडक भाकरीचा चतकोर, शेंगाचटणी, दही आणि तुरीचं घट्ट वरण; कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याचं ते ताटाकडं बघतच सांगतात. डाव्या मांडीशी मोबाईल. अकरा छप्पन्न. नेमकं तेव्हाच दारातून कुणीतरी डोकावतं, “हे काय मास्तर, ताट वाढलंय अन् नुसतं बघत बसलाव?” झालं. मास्तर पाटावरूनच सुरू होतात, इन्सुलिनपासून. बारा वाजतात, सव्वाबारा वाजतात, वरणावर साय धरते. टीकाकारांना उत्तर देण्यात मास्तरांचे आठाचे सात तास कधी झाले, त्यांनाही कळलं नाही.

शेवटी उत्तर अक्कांनीच काढून दिलं. एकदा त्यांनी सरळच विचारलं, “मास्तर, समदं खरं. पर कुठल्या देवाचं?”

मास्तर दमले होते. म्हणाले, “अक्का, सोळा आहे हो हे. सोळा.”

“सोळा सोमवार!” अक्कांचा चेहरा उजळला. “मग आदी सांगायचं न्हाई व्हय?”

मास्तरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवसापासून गावात चमत्कार झाला. कुणी हटकेना. सकाळी दहाला चहा आणणारी पोरगी उंबऱ्यावरूनच परत जायची, “मास्तरांचं सोळा हाय.” शुगर नाही, टीबी नाही, कोर्टकज्जा नाही. देव मधे आल्याबरोबर उपाशी राहणं शहाणपणाचं ठरलं. फक्त सोमवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याचे लाडू घरोघरून यायला लागले, आणि उपासाचं म्हणून दिलेलं परत कसं पाठवणार? मास्तरांचं वजन दीड किलोनं वाढलं.

मग सतरावा सोमवार आला. अक्कांनी बोटं मोजली. “सोळाचं कळलं. ते आठ म्हंजे?”

मास्तरीणबाई आतून म्हणाल्या, “आठ मेहुणं.”

उद्यापन झालं. आठ जोडपी, सोळा पानं, चुरमा, होळग्या, कटाची आमटी. पूजा लांबली, आरती लांबली, मेहुणं जेवून उठली तेव्हा सव्वानऊ झाले होते. यजमानानं शेवटी बसायचं असतं. मास्तरांनी एकदा घड्याळाकडं, एकदा होळगीवरच्या तुपाकडं बघितलं आणि मुकाट्यानं जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पोरगी चहा घेऊन हजर. मास्तर म्हणाले, “बाराला.” पोरगी धावत परत गेली आणि पाच मिनिटांत अक्का स्वतः आल्या, मागं चाचा, पुजारी आणि सुट्टी वाढवलेला पुतण्या.

“मास्तर, फिटलं की आता! परत कशापायी? उद्यापनात काय चुकलं-माकलं का?”

मास्तर ओसुमींपासून सुरुवात करणार, तेवढ्यात मास्तरीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“चुरमा कमी पडला म्हणून सांगा,” त्या म्हणाल्या, “अन् मला आज तरी एकदाच चूल पेटवू द्या.”