‘ऑन द वे’ कसे ओळखावे : नव्या सुपरवायझरांसाठी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यावर रुजू होणाऱ्या सुपरवायझराला माग, बीम, जकार्ड सगळे कुणी ना कुणी शिकवते. ‘ऑन द वे’ मात्र ज्याचे त्याने शिकावे, असा इथला रिवाज आहे. आणि तो शिकेपर्यंत निम्मे माग बंद असतात. सबब हे मार्गदर्शन.

आधी शब्दशः अर्थ उरकून घेऊ. खरोखर वाटेत असलेली माणसे या रस्त्यावर दर गुरुवारी दिसतात, पण ती स्वामी समर्थांच्या दर्शनाला अक्कलकोटला निघालेली असतात. आपल्याकडे येणारा त्यांत कुणी नसतो.

आता जॉबर. माग बंद पडला की फोन करावा. “यायलोय साहेब, ऑन द वे हाय,” असे उत्तर येईल. उत्तराकडे लक्ष देऊ नये, मागच्या आवाजाकडे द्यावे. मागांचा खडखडाट असेल तर गडी दुसऱ्याच्या कारखान्यात आहे आणि तिथले काम उरकत आले आहे; तासाभराची आशा धरायला हरकत नाही. कुकरची शिट्टी आली तर जेवून निघेल. हॉर्न ऐकून हुरळू नये, चहाची टपरीही रस्त्यालाच असते. आणि अगदी सामसूम असेल तर आपणच त्याला झोपेतून उठवले आहे. अशा वेळी “काय बे” म्हणून आवाज चढवू नये, “मास्तर” म्हणावे. त्या मागाची नस जाणणारा तो एकटाच आहे, हे त्यालाही ठाऊक असते.

सुताचे ऑन द वे जरा कागदोपत्री. दक्षिणेतल्या गिरणीचा माणूस “गाडी ऑन द वे” म्हणाला की नम्रपणे ई-वे बिल मागावे. त्याच्या भाग अ मध्ये मालाची माहिती असते, भाग ब मध्ये गाडीचा नंबर. नुसता भाग अ आला तर सूत गोदामात आहे आणि गाडी ठरायची आहे. दोन्ही आले तर मुदत पाहावी : दर २०० किलोमीटरला एक दिवस, हजाराला पाच. (ट्रक वाटेत काय काय करतो, हे सरकारला बरोबर कळलेले दिसते.)

सर्वांत गहन ते पेमेंटचे. चेकच्या काळी निदान पोस्टमनवर ढकलता येई. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. पैसा वाटेत राहून राहणार किती? फार तर दोन-तीन तास. तरी तो महिनोन्‌महिने वाटेतच असतो. यूटीआर नंबर मागावा. “अकाउंटंट जेवायला गेलाय” असे ऐकू आले, तर लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला सांगणाऱ्या २००६ च्या कायद्याची आठवण द्यावी. त्यावर “मार्चएंडला बघू” असे म्हटले गेल्यास मात्र विश्वास ठेवावा. आयकराच्या २०२४ पासूनच्या नियमाने अशी मुदत उलटलेली थकबाकी ३१ मार्चपर्यंत न फेडणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. कायद्यापेक्षा सीएला माणूस अधिक भितो.

एवढे जमले की स्वतः वापरायला हरकत नाही. मुंबईचा बायर कंटेनर निघाला का विचारील, तेव्हा टॉवेल शिलाईवर असतील. बेधडक “ऑन द वे” म्हणावे, फक्त फोन घेण्याआधी शिलाई खात्यातून बाहेर यावे. ड्रायव्हरचा नंबर मागितला तर तो लागत नाही म्हणून सांगावे. ड्रायव्हर अजून ठरलेलाच नसल्याने हे खोटेही होत नाही.