आहेर लिहून घ्या

"मेघना, कोपऱ्यावरच्या बंगल्यातली पत्रिका आली का गं तुमच्याकडे?"

"कालच देऊन गेले, काकू. खाली छापलंय, 'आपली उपस्थिती हाच आहेर.' बरं झालं म्हटलं. रविवारी जायचं, अक्षता टाकायच्या, जेवायचं नि यायचं."

"बरं झालं म्हणे! अगं, त्या बाईने माझ्याकडच्या दोन्ही लग्नांत आहेर केलाय. थोरल्याच्या वेळी पाचशे एक, धाकटीच्या वेळी अकराशे एक. माझ्या वहीत आहे ते. तिने खाली एक ओळ छापली म्हणून माझ्या वहीतली ओळ पुसली जाते का?"

"वही अजून ठेवलीय तुम्ही?"

"माझी आहे, सासूबाईंचीही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर 'श्री', मग नाव, गाव, रोख, वस्तू असे रकाने. आणि शेवटचा रकाना बिनमथळ्याचा. ज्याचा आहेर फिटला त्याच्यापुढे तिथे बारीकशी फुली. सासूबाई दुसरीच्या पुढे शिकल्या नव्हत्या, पण ही वही कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. कुठलीही पत्रिका आली की आधी वही उघडायची, मग कपाट."

"आमच्या माहेरी तर मांडवात माईकवरच पुकारायचे. अमक्या गावच्या अमक्यांकडून दोनशे एक रुपये, तमक्यांकडून टॉवेल-टोपी. मंगलाष्टकांपेक्षा तो कार्यक्रम लांबायचा. नि माझे आजोबा कान देऊन ऐकायचे, कोण घसरला कोण चढला ते."

"मग! आणि माणूस कमी घालायला धजायचा नाही. आता पाकीट बंद. आत काय आहे ते स्टेजवर कुणाला कळत नाही, सगळे सारखेच हसून फोटो काढतात. थोरल्याच्या लग्नात एक पाकीट निघालं, वर नाव व्यवस्थित, सौ. व श्री., सहपरिवार, आणि आत काहीच नाही! बाहेर चिकटवलेला रुपया तेवढा खरा."

"अय्या! मग वहीत काय लिहिलंत?"

"रुपया एक. आला तो लिहिला. घाईत नोटा घालायच्या राहिल्या असतील बिचाऱ्यांच्या. पण आता त्यांच्याकडे कार्य निघालं की मला प्रश्न, की एकाचे दोन करून द्यायचे का! आणि दुसरं, एका पाकिटात दोन हजार एक, नावच नाही. त्याचं ओझं अजून आहे. कुणाला फेडू?"

"तो वरचा रुपया का, ते मला कुणी धड सांगितलं नाही हं. आई म्हणायची, शून्यावर संपलं की संपलं, म्हणून पुढे एक ठेवायचा."

"आमच्याकडे म्हणतात, शंभराचे दोन सारखे वाटे होतात, एकशे एकचे होत नाहीत. नवराबायकोंत वाटणी नको."

"काकू, तोक्योत अगदी हेच! दादा गेला होता ना तिथल्या ऑफिसातल्या एकाच्या लग्नाला. तिकडे म्हणे मित्राने साधारण तीस हजार येन घालायचे. वीस नाहीत, कारण दोनाचे दोन सारखे वाटे होतात, तिनाचे होत नाहीत. तेही कोऱ्या नोटा, बँकेतून बदलून आणलेल्या. जुन्या नोटा मयताच्या पाकिटात. आणि हॉलच्या दारात टेबल, टेबलावर वही! नाव लिहायचं, पाकीट द्यायचं, मगच आत."

"दारातच? मग तिकडे रिकामं पाकीट देऊन जेवून जाता येत नाही म्हण."

"आणि जाताना यजमान पिशवी भरून भेट देतात."

"म्हणजे परतीचा आहेर. ते आपल्याकडेही होतंच की, पण आपल्याकडे ब्लाउजपीस. एक हिरवा ब्लाउजपीस गल्लीतून निघून तीन लग्नं, दोन बारशी करून माझ्याकडेच परत आलेला मी ओळखलाय. कोपऱ्यावर शाईचा ठिपका होता. वस्तूंचं हेच. माझ्या लग्नात, 1985 साली, चार लेमन सेट, तीन भिंतीवरची घड्याळं आणि एक थर्मास. लेमन सेट पुढे सरकवता आले. भांडी नाही येत! भांड्यांवर नाव घालून आणायचे ना लोक, देणाऱ्याचं नाव आणि तारीख. माझ्या कढीच्या पातेल्यावर आत्येसासूबाईंचं नाव आहे. त्या गेल्या, पातेलं आहे. ती आमची दुसरी वही."

"पण काकू, 1985 सालचे आहेर आता कसे फेडायचे? तेव्हा एकावन्न म्हणजे मोठी रक्कम असेल."

"तेच तर! आमच्या ह्यांचे मित्र, त्यांचे एकावन्न आहेत वहीत. गेल्या वर्षी त्यांच्या नातवाचं लग्न झालं. हे म्हणाले, पाचशे एक घालू, दसपट झाली. मी म्हटलं, थांबा. तेव्हा दहा ग्रॅम सोनं दोन हजारांच्या आसपास होतं. म्हणजे एकावन्नात पाव ग्रॅम यायचं. आज दहा ग्रॅम लाखाच्या वर गेलं. पाव ग्रॅमला अडीच हजारांच्या वर पडतात. पाचशे एक दिले तर आपण बुडवले त्यांना! हे गप्पच झाले."

"मग किती दिलेत?"

"एक हजार एक. सोन्याच्या भावाने फेडायला आपण काय सराफ आहोत?"

"आमचे हे म्हणतात, आहेर म्हणजे भिशी आहे, ज्याच्या घरी कार्य त्याचा नंबर लागला."

"बरोबरच म्हणतात. लग्नघराला एकरकमी हातभार लागतो, मग आयुष्यभर हप्ते. आचारी, हॉल, बँडवाला, सगळ्यांचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिटं फोडूनच भागवायचे आम्ही. सतरंजीवर बसून एक फोडायचा, एक मोजायचा, एक लिहायचा. काय गं, करसल्लागार काही म्हणत नाहीत का ह्यावर?"

"म्हणतात की! लग्नात नवरानवरीला आलेल्या आहेरावर आयकर नाही, कितीही येऊ दे. पण तो त्यांना आलेला हवा. मुलाच्या बापाला त्याच्या मित्रांनी स्वतःच्या नावाने दिलं, तर तिथे वर्षाला पन्नास हजारांची मर्यादा लागते. म्हणून म्हणतात, पाकिटावर चि. आणि चि. सौ. कां. यांची नावं घाला, यजमानांचं नको. आणि एकाने दोन लाख किंवा जास्त रोख द्यायचेच नाहीत."

"दोन लाखांचं पाकीट आपल्या कॉलनीत? त्यांना सांग, काळजी करू नका."

"आणि गंमत ऐका, वही कायद्यातसुद्धा आहे. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, त्याखाली 1985 साली नियम झाले. लग्नात आलेल्या भेटींची यादी नवरीने एक आणि नवऱ्याने एक ठेवायची. काय दिलं, अंदाजे किंमत, कुणी दिलं, नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या."

"माझ्याच लग्नाचं साल की! आणि सासूबाई नियमाआधीपासून ठेवत होत्या. सह्यांचा रकाना तेवढा राहिला. पण एक सांग, ही यादी ठेवते कोण? निम्म्या सुनांना आपल्या लग्नात काय आलं ते ठाऊक नसतं. पाकिटांची पिशवी सासरच्या कपाटात जाते आणि विचारलं की 'खर्चात गेलं'. खरं तर त्या नियमाची पत्रिकेबरोबर एकेक प्रत वाटली पाहिजे."

"आता तर पिशवीही नसते. माझ्या मावसभावाच्या रिसेप्शनला, पुण्यात, स्टेजच्या बाजूला क्यूआर कोड लावलेला, फुलांची कमान करून. लोक अक्षता टाकून मोबाइल काढत होते. थेट नवरीच्या खात्यात."

"शी बाई! देवळातल्या दानपेटीसारखं. पण नवरीच्या खात्यात ना? मग चालेल. आणि नाव आपोआप उमटतं, निनावी भानगड नाही. फक्त तो रुपया घालतात का लोक?"

"घालतात की. पाचशे एक, हजार एक, सगळे."

"हो का? मग ठीक. नोटाबंदीत असतं हे तर माझा जीव वाचला असता. धाकटीचं लग्न 2016 च्या नोव्हेंबर अखेरीस. लग्नासाठी अडीच लाख काढायला सरकारने परवानगी दिली, पण बँकेत पत्रिका दाखवा, हॉलची पावती दाखवा, ज्यांना रोख द्यायची त्यांची यादी द्या. ह्यांनी आचाऱ्याकडून लिहून आणलं की माझं बँकेत खातं नाही. आणि लग्नात पाकिटं फोडली तर निम्म्यांत जुन्या पाचशेच्या! ज्यांना एरवी हात सुटत नाही त्यांनी जुन्या हजाराच्या घातल्या. इतका मोठा आहेर त्या माणसांनी आयुष्यात कुणाला केला नसेल. मग जावई डिसेंबरभर बँकेच्या रांगेत."

"आणि ह्या कोपऱ्यावरच्या काकूंनी?"

"तेच सांगतेय ना मगापासून. तिच्या पाकिटात शंभराच्या अकरा नोटा. चालणाऱ्या, मेघना! तेव्हा शंभराची नोट बघायला मिळत नव्हती. दोन दिवस एटीएमपुढे उभी होती ती, घोट्याला सूज असताना. त्या अकराशेंतून मी दुसऱ्या दिवशी गजरेवालीचे आणि भांडी घासणाऱ्या बायकांचे पैसे दिले. वहीत अकराशे एक लिहिलेत, दुसरं काय लिहिणार? आणि आता म्हणते, उपस्थिती हाच आहेर!"

"मग किती घालणार रविवारी?"

"पाच हजार एक. ह्यांना सांगू नकोस, ते सोन्याचा हिशेब माझ्यावरच उलटवतील. आणि ती घेणार नाही, हात मागे ओढेल. म्हणून पाकीट नवरीच्या ओटीत घालीन, खणाखाली. ओटीतलं कुणी परत करत नाही. तुझं किती?"

"आमचं त्यांच्याशी अजून काहीच देणं-घेणं नाही, काकू. आत्ता दोन वर्षं झाली इथे येऊन."

"मग पाचशे एक घाल आणि नाव नीट वाचता येईल असं लिही. तुझी पोरगी दहावीला ना? उघड की खातं."