चितळापर्यंत किती वार

नागपूरच्या गांधीबागेत अंतर कुणी मोजून सांगत नाही. इतवारीत जायचं असो की महालात, उत्तर ठरलेलं: "हे काय, इथंच तं आहे." हे 'इथंच' भल्या सकाळी पाच मिनिटांचं असतं आणि दुपारी चारला, ठोक कापडबाजारात गठाणींनी लादलेले हातठेले एकमेकांत शिंगं अडकवून उभे असताना, अर्ध्या तासाचं. पण सांगणाऱ्याच्या सुरात तसूभर फरक पडत नाही. त्याला तुम्हाला अंतर सांगायचंच नसतं, धीर द्यायचा असतो. अशा वस्तीत जन्मलेल्या, वाढलेल्या आणि कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या माझ्या भाच्याला एके दिवशी लेझर रेंजफाइंडर घ्यावासा वाटला, याचं मला नवल वाटलं आणि जरा कौतुकही.

त्याच्याकडे एक एअरगन आहे. साधी, पॉइंट वन सेव्हन सेव्हन बोअरची, वीस ज्यूलच्या आतली, म्हणजे 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना न लागणारी. कॉलेजात असताना तो दहा मीटर एअर रायफलच्या सरावाला जायचा. त्या खेळात निशाण्याच्या मधोमध जो दहा गुणांचा ठिपका असतो, त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. दहा मीटरवरून तो दिसत नाही, असेल असं मानायचं असतं. म्हणून मला तो खेळ नेहमी भक्तिमार्गाच्या जवळचा वाटत आला आहे. अंतर मात्र कायम दहा मीटर. बीजिंगला 2008 मध्ये अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं तेव्हाही दहा आणि आमच्या भाच्याचे छर्रे मागच्या पाटीत जायचे तेव्हाही दहाच. जमिनीवर आखलेलं ते अंतर मोजायला यंत्र कशाला, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. पण मामाने विचारायच्या काही गोष्टी असतात आणि काही नसतात.

पेढीच्या गादीवर लोडाला टेकून त्याने मला मोबाइलवर एकेक मॉडेल दाखवलं. यंत्र मुठीत मावणारं. डोळ्याला लावलं की समोरचं सहापट जवळ येतं; बटण दाबलं की डोळ्याला न दिसणारा अवरक्त किरणांचा एक ठोका सुटतो, समोरच्या वस्तूवर आपटून परत येतो आणि त्याच्या जाण्यायेण्याला लागलेल्या वेळावरून अंतर निघतं. पन्नास मीटरवरच्या झाडाला शिवून यायला त्याला सेकंदाचा साधारण तीस लाखावा भाग पुरतो. तेवढ्या अवधीत गांधीबागेत हॉर्नवर ठेवलेला अंगठा खालीसुद्धा जात नाही. "हजार वारांपर्यंत रेंज आहे, मामाजी," भाचा म्हणाला. बाजूला हिशेब लिहीत बसलेल्या दिवाणजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "अन् धुतल्यावर किती राह्यते?"

भाचा हिरमुसला, पण दिवाणजींनी नेमकं दुखण्यावर बोट ठेवलं होतं. माहितीपत्रकातला हजाराचा आकडा रस्त्यावरच्या चकाकणाऱ्या पाटीसारख्या वस्तूसाठी असतो. झाडाच्या खोडाला तो पुष्कळ आटतो, आणि हरणाच्या अंगाला, ज्यावरून प्रकाश धड परतत नाही, आणखी आटतो. बारीक अक्षरांत हे लिहिलेलंही असतं. दिवाणजींनी अख्खी हयात कापडाचा काठ उलटून पाहण्यात घालवलेली. त्यांना बारीक अक्षरांची गरज पडली नाही.

त्या यंत्रात मीटर आणि वार यांत अदलाबदल करायची सोय होती, आणि तिथे दिवाणजी खुलले. मापं दशमान झाली ती 1956 च्या कायद्यानंतर हळूहळू. पण ते दुकानात लागले तेव्हा ताग्यावर कापड वारानेच फाडलं जायचं. काउंटरच्या कडेला लोखंडी गज ठोकलेला असे. हजारो हातांनी त्यावरून कापड ओढून ओढून त्याचा मधला भाग आरशासारखा चकचकीत आणि टोकं गंजलेली. कापड गजाला लावायचं, चिमटीत धरायचं, पुन्हा लावायचं आणि शेवटी चार बोटं वर सोडून कात्री चालवायची. ती चार बोटं कुठल्याच हिशेबात नसायची. छत्तीस इंचांचा वार दिवाणजींच्या खांद्यात इतका मुरलेला होता, की हवेत हात पसरून ते आजही लुगड्याची लांबी सांगतात. अमेरिकेतले शिकारी हरणापर्यंतचं अंतर याच वारात मोजतात हे ऐकून त्यांना बरं वाटलं. "म्हंजे थे लोकं आपल्याच मापाचे निघाले," ते म्हणाले.

पण शिकारीचं तर आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानेच आटोपलं. रानडुकराचं सोडा, एअरगनने तितर किंवा होला पाडला तरी तो गुन्हाच. अरुणाचल प्रदेशात 2021 पासून गावकऱ्यांनी एअरगन सरकारजमा कराव्यात म्हणून मोहीम चालली, आणि बायाबापड्यांनीही घरातल्या बंदुका आणून दिल्या. अशा दिवसांत रेंजफाइंडर घेणं म्हणजे मुहूर्त काढून ठेवायचा आणि लग्नच नाही. भाच्याचं म्हणणं वेगळं होतं. गावाकडच्या शेतात तो मातीच्या ढिगापुढे डबे मांडून नेम धरतो. छर्रा हलका, वेगाने थकणारा, सरळ जातच नाही. नळीतून निघतो तो दुर्बिणीच्या रेषेखालून, मग रेषा ओलांडून वर चढतो आणि पुढे पुन्हा तिला छेदून खाली उतरतो. पन्नास मीटरवर चार-पाच मीटरचा अंदाज हुकला तर दीड-दोन बोटं खाली. डबा तसाच उभा राहतो, आणि उभ्या राहिलेल्या डब्यासारखं उर्मट जगात काही नसतं, असं तो म्हणतो.

अंतराचा हा ध्यास आमच्या भागाला नवा नाही. नागपुरात झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब उभा आहे, चार घोड्यांच्या सोबतीने. त्यावर हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल असं कोरलेलं. आणि त्याच्याही आधी विल्यम लॅम्बटन नावाचा एक म्हातारा इंग्रज हिंदुस्थान मोजत मोजत वर सरकत होता. 1802 मध्ये मद्रासेहून त्याने सुरुवात केली, शंभर फुटी पोलादी साखळीने. चीनच्या बादशहाला नजर करायला नेलेली ती साखळी तिथे कुणाला नको झाली म्हणून इकडे पोचली होती. त्याचं कोन मोजायचं यंत्र सुमारे अर्ध्या टनाचं. तंजावरला मंदिराच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळून वाकडं झालं. या गृहस्थाने ते खोलून, ठोकून, वाकवून पुन्हा सरळ केलं. नागपूरकडे येताना 20 जानेवारी 1823 रोजी तो हिंगणघाटला वारला. त्याला कुणी वाटेत विचारलं असतं तर आमच्या माणसांनी नक्की सांगितलं असतं, "नागपूर? हे काय, इथंच तं आहे."

अखेर यंत्र आलं. मधल्या किमतीचं, उतारावरचा कोन हिशेबात धरणारं, आणि 'जवळचं' की 'दूरचं' अशी निवड असलेलं. ही निवड मला फार आवडली. गवतात उभ्या जनावराकडे रोखलं की किरण आधी गवताच्या पात्यावर आपटतो. 'दूरचं' म्हटलं की यंत्र समोरची सगळी पाती सोडून मागचं जनावर धरतं. गांधीबागेच्या गच्चीवरून तेवढं सोपं नव्हतं. वायरी, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या साड्या, केबलच्या ताटल्या. संक्रांतीला त्याने पतंग मोजायचा प्रयत्न केला. पतंग काही मोजून घेईना. शेजारच्या काकूंनी मात्र तो दुर्बिणीतून कुठे पाहतो याची चौकशी त्याच्या आईकडे केली, आणि यंत्र काही काळ कपाटात गेलं.

कपाटातून ते निघालं ते बुद्धपौर्णिमेला, पेंचच्या जंगलात वनखात्याच्या निसर्गानुभवात त्याचा नंबर लागला तेव्हा. पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसायचं आणि येईल त्या प्राण्याची नोंद करायची. तिथे त्याला कळलं की आपल्या हातातली वस्तू वनरक्षकांना परकी नाही. व्याघ्रगणनेत ते ठरलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालतात. चितळांचा कळप दिसला की रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने दिशा लिहून घेतात, आणि अशा शेकडो नोंदींवरून जंगलात चितळं किती याचा अंदाज बांधतात. हरणावर नेम धरायला निघालेलं यंत्र हरणांची शिरगणती करतंय, हे मला इतकं भावलं की मी ते दिवाणजींना मुद्दाम जाऊन सांगितलं. "हाव, मग बरं आहे," एवढंच म्हणून ते ताग्याकडे वळले.

त्या रात्री भाच्याने उत्साहाने सगळं मोजलं. सांबर, रानडुकरं, पाण्याशी वाकलेला मोर, दुसऱ्या काठावरचा दगड. उजाडता उजाडता झुडपाशी पिवळं काही हललं तसं त्याचं बोट बटणावर गेलं, आणि दबक्या आवाजात तो सोबतच्या वनरक्षकाला म्हणाला, "एकसष्ट मीटर!"

वनरक्षकाने मान न वळवता उत्तर दिलं, "मीटर राहू द्या, भाऊ. थो कोनीकडं पाहून राह्यला थे सांगा."

तेवढं मात्र यंत्रात येत नाही. महागातल्या मॉडेलांतही नाही. माहितीपत्रक मी बारीक अक्षरांसकट पाहून ठेवलं आहे.