पात्रपरीक्षेची सोपी पद्धत

कादंबरीतील पात्रांचे विश्लेषण करण्यासाठी कादंबरी हाताशी असावी. ती वाचलेली असल्यास काही अडचणी येतात, पण निर्धाराने त्यांवर मात करता येते. सरावासाठी वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) घ्यावी. ती बहुतेक वाचनालयांत असते आणि तिला ज्ञानपीठ मिळालेले असल्याने आपण काहीही लिहिले तरी विषय भारदस्तच राहतो.

प्रथम प्रत्येक पात्राला एकेक विशेषण वाटून द्यावे. ययाति भोगी, देवयानी अहंकारी, शर्मिष्ठा त्यागी, कच संयमी. दिलेले विशेषण कोणत्याही परिस्थितीत परत घेऊ नये. देवयानी मध्येच हळवी झाली तर 'अहंकाराच्या मुळाशी असलेली वेदना' असे लिहून तिला जागेवर बसवावे. एखादे पात्र विशेषणात मावेनासेच झाले, तर त्याचे व्यक्तिमत्त्व 'बहुपेडी' असल्याचे जाहीर करून पुढच्या पात्राकडे वळावे.

आता दृष्टिकोन. इथे जरा जपून. या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा असे तिघे आळीपाळीने 'मी' म्हणून बोलतात. अशा वेळी नवख्या वाचकाला नसत्या शंका येतात. देवयानी अहंकारी आहे हे आपल्याला आधी कोणी सांगितले? तिच्या नवऱ्याने सांगितले असेल, तर ते कितपत धरायचे? ती स्वतःची बाजू मांडतेच, पण कादंबरीची सुरुवात ययातीने केलेली असते आणि तिची पाळी येईपर्यंत आपण राजवाड्यात त्याच्या बाजूला जाऊन बसलेलो असतो. भाऊबंदकीच्या भांडणातही जो आधी येऊन सांगतो त्याचेच आपल्याला खरे वाटते. या शंका मनात आल्यास पाणी पिऊन पुन्हा विशेषणांकडे यावे.

ययाति आपली पापे स्वतःच्या तोंडाने सांगतो, म्हणून त्याला 'प्रांजळ' म्हणावे. तो नेमके काय कबूल करतो, कबुली देताना स्वतःची कीव किती करतो आणि ती कीव नकळत आपल्याकडून कशी वसूल करतो, हे तपासत बसू नये. (खरे तर खांडेकरांचे सगळे कसब इथेच आहे. पण कसबाला गुण नसतात.)

अलकेचे उदाहरण घ्या. दासीची ही मुलगी ययातीच्या प्रेमात पडते आणि राजमाता तिला विष देववते. हिच्याविषयी लिहायचे वाक्य ठरलेले आहे: 'अलकेचा मृत्यू हा ययातीच्या भावजीवनावरील पहिला मोठा आघात होय.' विष तिने प्यायले, आघात त्याच्यावर झाला. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, तेव्हा निःशंकपणे वापरावे.

कचाला निवेदकाची जागा नाही. त्याची थोरवी इतरांच्या तोंडून कळते, त्यामुळे तिला ओरखडाही पडत नाही. त्याला 'आदर्श' म्हणून मोकळे व्हावे.

लेखक आणि नायक एकच असतात, हा नियमही उपयोगी आहे. 'कोसला'च्या नायकाचे आडनाव सांगवीकर आणि भालचंद्र नेमाडे सांगवीचे, म्हणजे सिद्धता झालीच. खांडेकर मात्र हस्तिनापूरचे नसून शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्यापुरता हा नियम शिथिल करावा.

वेळ थोडा असेल तर शिवाजी सावंतांचे 'मृत्युंजय' (१९६७) निवडावे. तिथे कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक आहेत. सहा जणांचे सहा दृष्टिकोन असतील या धास्तीने घाबरून जाऊ नये. कर्ण थोर होता यावर सर्वांचे एकमत आहे, अगदी त्याच्या विरुद्ध बाजूला असलेल्या श्रीकृष्णाचेही. एकच उत्तर लिहून नाव तेवढे बदलावे.

राहता राहिला पुरू. बापाचे म्हातारपण अंगावर घेऊन त्याला आपले तारुण्य देणारा हा मुलगा. संपूर्ण 'ययाति'त त्याला स्वतःच्या तोंडाने बोलायला एकही प्रकरण मिळालेले नाही. त्या दिवशी त्याला काय वाटले, हे आपल्याला बापाकडून किंवा आईकडून कळेल तेवढेच. त्यावर लिहायला बसल्यास आधीची चारही विशेषणे डळमळू लागतात आणि उत्तर लांबते. पुरू ऑप्शनला टाकावा.