हुक कशाला लावू?

आमच्या सोसायटीशेजारी 22 मजली इमारत उठते आहे. यंदा 4 मार्चला तिथे राष्ट्रीय सुरक्षा दिन झोकात झाला. मांडव पडला, नारळ फुटला, पाहुण्यांच्या डोक्यावर पांढरीशुभ्र हेल्मेटं चढली. वरून पडलाच तर मांडवाचा पडदा पडला असता. पण काळजी म्हणजे काळजी! मजुरांची हेल्मेटं केबिनमध्ये कुलपात असतात. ‘‘बाहेर ठेवली की चोरीला जातात,’’ मुकादम म्हणाला. मजूर मात्र चोरीला जात नाहीत, त्यामुळे ते बाहेरच असतात.

मग शपथ झाली, अगदी शुद्ध मराठीत. समोरचे बिगारी बिहार-झारखंडचे. तरी सगळ्यांनी हात पुढे केले, कारण शपथेनंतर समोसा होता.

शेवटी प्रात्यक्षिक. एका पोराला पट्टा बांधून परांचीवर चढवलं. फोटोग्राफर सरसावला. पोरानं वरून विचारलं, ‘‘साहब, हुक किसमें लगाऊँ?’’ खाली शांतता. पट्टा आणला होता. हुक अडकवायचा दोर बांधायचा राहून गेला होता. साइट इंजिनिअर हुशार. म्हणाला, ‘‘अपनेही पट्टे में लगा!’’ पोरानं हुक स्वतःच्याच कमरेला अडकवला. फोटो झकास आला. स्वावलंबन म्हणतात ते हेच.

बांधकाम मजुरांसाठीच्या कायद्याचं म्हणाल, तर तो 1996 मध्येच आला. बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर जमा होतो, त्यातून मजुरांचं कल्याणकारी मंडळ चालतं. तिथे नोंदणीसाठी मजुरानं फक्त वर्षात 90 दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला आणायचा. आज या नाक्यावर, उद्या त्या साइटवर असणाऱ्याला तो देणार कोण? मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार मुकादमाकडे. म्हणजे इथेही तेच. पट्टा सरकारनं दिला, हुक लावायला जागा नाही.

आणि धोका काही फोटोपुरता नसतो. 10 सप्टेंबर 2023 ला ठाण्यात बाळकुमला 40 मजली इमारतीची बांधकाम लिफ्ट कोसळली आणि 7 मजूर गेले. वार रविवार होता. आपण सुट्टी घेतो त्या दिवशीही ही माणसं आपली घरं बांधत असतात.

म्हणून सॅम्पल फ्लॅट बघायला जाल तेव्हा मॉड्युलर किचनचं कौतुक जरूर करा. पण जरा खिडकीतून वरही बघा. परांचीवरच्या माणसाचा हुक त्याच्याच कमरेला दिसला, तर टोकनचा चेक खिशातच ठेवा आणि आधी दोर बांधायला सांगा.