जपानी प्रोगची यादी: विधी आणि निषेध

जपानी प्रोग्रेसिव्ह आणि प्रायोगिक रॉकचे चार चाहते एकत्र जमले की चहा यायच्या आत कोणीतरी म्हणतं, "चला, आपापले आवडते दहा अल्बम सांगा." नवखा माणूस इथेच फसतो. तो खरोखर आवडलेले दहा अल्बम सांगून मोकळा होतो. मग खोलीत जी दयार्द्र शांतता पसरते, ती आणखी कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे मार्गदर्शन.

पहिली गोष्ट पक्की समजून घ्यावी. यादी आपल्या आवडीची करायची नसते, समोरच्यांच्या अज्ञानाची करायची असते. त्यासाठी बोलण्याची घाई करू नये. इतरांच्या याद्या ऐकून घ्याव्यात, प्रत्येक नावावर "हं" म्हणावं आणि त्यांनी जे ऐकलेलं नाही तेवढंच आपल्याला आवडतं असं ठरवावं. "हं" कसा म्हणायचा हे ज्याचं त्याने आरशासमोर ठरवावं. कौतुक आणि कीव यांत निवड करता येणार नाही, इतपत तो संदिग्ध असला म्हणजे झालं.

पूर्वतयारीला ग्रंथ एकच. इंग्रज गायक ज्युलियन कोप यांचं 'जॅपरॉकसॅम्प्लर' हे पुस्तक २००७ साली आलं. ते सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि सगळे त्याला नावं ठेवतात. त्यात पन्नास अल्बमांची क्रमवारी आहे. तिचा उपयोग उलटा करायचा: तिथे जे आहे ते आपल्या यादीत नको. पहिल्या क्रमांकावर फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडचा 'सातोरी' (१९७१) आहे. म्हणून 'सातोरी' बाद.

आता बाद म्हणजे बादच. पण आपण काय बाद करतोय हे उमेदवाराला ठाऊक असावं, म्हणून थोडं सांगतो. या बँडचा कर्ताकरविता युया उचिदा. १९६६ साली बीटल्स तोक्योच्या बुदोकानमध्ये वाजवायला आले, तेव्हा त्यांच्याआधी मंचावर आलेल्या जपानी कलाकारांत हा होता. त्या सुमारास एकसारखे कोट घालून गोड गाणी म्हणणाऱ्या पोरांच्या बँडांचं जपानभर पीक आलं होतं. त्या प्रकाराला 'ग्रुप साउंड्स' म्हणत. उचिदाला याहून दांडगं काहीतरी हवं होतं आणि ते त्याला फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँडच्या पोरांत सापडलं. 'सातोरी'त गाण्यांना नावंसुद्धा नाहीत. भाग एक, भाग दोन, असे पाच भाग. जो यामानाकाचा आवाज शब्द सांगण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही, थेट किंकाळीवर जातो. हिदेकी इशिमाची गिटार ब्लूजच्या वाटेने निघते आणि मध्येच अशी काही मींड घेते की आपल्याकडचा ऐकणारा सावरून बसतो. याच इशिमाने पुढे सतार आणि इलेक्ट्रिक गिटार यांचा संकर करून 'सितार्ला' नावाचं वाद्य घडवलं, हे कळल्यावर जराही आश्चर्य वाटत नाही. आणि दुसऱ्या भागात ड्रम जे एका चालीवर हट्टाने अडून बसतात, ते सोडतच नाहीत, आणि आपल्यालाही ते सुटू नयेत असंच...

असो. 'सातोरी' बाद. त्याऐवजी त्यांच्याच १९७०च्या 'एनीव्हेअर'चं नाव घ्यावं. त्यात बव्हंशी ब्लॅक सॅबथ, किंग क्रिम्सन वगैरे परक्यांची गाणी आहेत, त्यामुळे "मला तो जास्त प्रामाणिक वाटतो" हे वाक्य बेधडक टाकता येतं. कव्हरवर बँडची मंडळी अंगावर एक चिंधी न घालता मोटारसायकलींवर बसलेली आहेत. घरात वडीलधारी माणसं असतील तर रेकॉर्ड कपाटात उलटी ठेवावी.

पुढचा टप्पा आख्यायिकांचा. यांत श्रेष्ठ ले रालीझ देन्यूदे. १९६७ साली क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात ताकाशी मिझुतानीने हा बँड काढला. त्याच्या सुरुवातीच्या बासवादकाने, मोरिआकी वाकाबायाशीने, मार्च १९७०मध्ये साथीदारांसह जपान एअरलाइन्सचं विमान पळवून उत्तर कोरियात नेलं. ही हकिगत बैठकीत कोणी ना कोणी सांगणारच. ती आपण सांगू नये. सांगणारा रंगात आला की मध्येच शांतपणे विचारावं, "पण त्या काळातलं ध्वनिमुद्रण ऐकलंयस का?" बँड अनेक वर्षं वाजवत राहिला, तरी अधिकृत म्हणाव्यात अशा सीडी निघाल्या तीन, त्याही १९९१मध्ये. बाकी सगळा व्यवहार चोरट्या मुद्रणांचा. तेव्हा इथे नियम असा: आवाज जितका खराब, तितकं मुद्रण अस्सल. गिटारचा चीत्कार आणि टेपची खरखर वेगळी काढता आली, तर ती नक्कल समजावी. २०२२पासून हे संगीत व्यवस्थित साफसूफ करून प्रसिद्ध होऊ लागलं आहे. त्याचा विषय निघाल्यास चेहरा किंचित पाडून "जरा जास्तच ऐकू येतंय" एवढं म्हणावं.

ओसाकाच्या यामात्सुका आयची गोष्ट त्यामानाने सोपी आहे, कारण तिला ऐकण्याची गरजच नाही. १९८५ साली हानातराश या आपल्या बँडच्या कार्यक्रमात, ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो तसलं यंत्र घेऊन तो तोक्योतल्या सभागृहात शिरला. इजा झाल्यास तक्रार नाही, असं प्रेक्षकांकडून आधीच लिहून घेतलेलं होतं. याच माणसाने पुढे बोरडम्समध्ये 'व्हिजन क्रिएशन न्यूसन' (१९९९) हा लख्ख उजेडाचा अल्बम केला आणि ७ जुलै २००७ रोजी ब्रुकलिनमध्ये ७७ ड्रमवादक एका वेळी वाजवायला बसवले. पण उमेदवाराच्या कामाची आहे ती त्यांची 'सुपर रूट्स' ही मालिका. तिच्यात तीननंतर एकदम पाच येतो. चौथा अल्बम निघालाच नाही. म्हणून बैठकीत सहज म्हणून टाकावं, "'सुपर रूट्स'मध्ये मला चारच आवडतो." दोघंजण तरी मान डोलावतात. एखादा सांगतो की पहिल्या आवृत्तीचा आवाज अधिक चांगला होता. अशांची नावं लक्षात ठेवावीत, पुढे उपयोगी पडतात.

न ऐकू येणाऱ्या गोष्टींची मातब्बरी या क्षेत्रात फार. गेइनो यामाशिरोगुमी हा शेकडो हौशी गायकवादकांचा समूह. त्यांत विद्यार्थी आहेत, डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत. 'अकिरा' या १९८८च्या सिनेमाचं संगीत त्यांचं. समूहाचे प्रमुख शोजी यामाशिरो हे त्सुतोमु ओहाशी या नावाने शास्त्रज्ञही आहेत आणि २०००मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांचा दावा असा की गामेलानच्या संगीतातल्या, माणसाच्या श्रवणशक्तीच्या वरच्या लहरी ऐकू येत नसल्या तरी मेंदूवर परिणाम करतात. बाकीचे शास्त्रज्ञ यावर वाद घालत बसले आहेत. आपल्याला त्याचं काय? सीडीवर साधारण २२ किलोहर्ट्झच्या पुढचं काही मावत नाही, एवढं पाठ करावं. समोरचा "मी हे सीडीवर ऐकलंय" म्हणाला की "म्हणजे ऐकलं नाहीस" असं हळुवारपणे सांगता येतं.

यंत्रसामग्रीचा विषय निघालाच आहे, तर बोरिस या बँडचा 'ड्रोनइव्हिल' (२००५) विसरू नये. दोन तबकड्या, आणि अपेक्षा अशी की त्या दोन यंत्रांवर एकाच वेळी वाजवाव्यात. यासाठी दुसरं यंत्र, दुसरे स्पीकर आणि 'एक, दोन, तीन' म्हणताना न हसणारा मित्र लागतो. तिसरी गोष्ट मिळणं सर्वांत कठीण. शेजारी तक्रार घेऊन आल्यास "अर्धाच लावलाय" हे खरं उत्तर द्यावं.

शब्द कळत नाहीत, ही तक्रार कधीही करू नये. ड्रमवादक तात्सुया योशिदाच्या कोएंजी हायाक्केई या बँडला तोक्योतल्या कोएंजी वस्तीचं नाव आहे. पण गाणी योशिदाने स्वतः रचलेल्या भाषेत आहेत. फ्रेंच बँड माग्माच्या ख्रिस्तियान वांदेरने आधी असाच उद्योग केला होता आणि त्या घराण्याला झॉयल म्हणतात. म्हणजे 'अंगेर शिस्पा' (२००५) ऐकताना कोएंजीतला दुकानदार आणि आपण अगदी एका पातळीवर असतो. जपानी शिकून आलेल्याला इथे काडीचा फायदा नाही. हे त्याच्यासमोर मुद्दाम बोलून दाखवावं.

ऐंशीच्या दशकातल्या सुरेल, कीबोर्डांच्या लाटांवर चाललेल्या बँडांबद्दल मौन पाळावं. केन्सोचा सूत्रधार योशिहिसा शिमिझु पेशाने दंतवैद्य आहे एवढी माहिती पुरते. फिशमान्सचा 'लाँग सीझन' (१९९६) मात्र अवघड प्रकरण. पस्तीस मिनिटांचं एकच गाणं, आणि ते सगळ्यांना आवडतं. हे प्रोग आहे का, असा वाद काढून वेळ मारून न्यावी. वाद चालू असताना मागे तो अल्बम लावलेला असेल, तर साधारण विसाव्या मिनिटाला वाद आपोआप थांबतो. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

भारतीय उमेदवारांना दोन खास सवलती आहेत. ताकेहिसा कोसुगीच्या ताजमहाल ट्रॅव्हलर्स या मंडळींनी १९७१-७२च्या दौऱ्यात युरोपातून गाडी हाकत खरोखर ताजमहाल गाठला. त्यांच्या संगीतात व्हायोलिन, आवाज आणि प्रतिध्वनी ताटकळत तरंगत राहतात आणि अर्ध्या तासात काही घडलं तर तो योगायोग समजायचा. 'जुलै १५, १९७२' या अल्बमचं नाव घेताना स्वर जरा घरचा लावावा. आग्र्याहून आपलं गाव किती लांब आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. दुसरी सवलत किकागाकु मोयो या बँडची. त्यांचा सतारिया रियू कुरोसावा कोलकात्यात मणिलाल नाग यांच्याकडे शिकला. इथे फक्त "विष्णुपूर घराणं" म्हणावं आणि गप्प बसावं. पुढचा प्रश्न येऊ शकतो, म्हणून लगेच चहा मागवावा.

शेवटी ओबी. जपानी रेकॉर्डच्या कव्हरला कंबरपट्ट्यासारखी कागदाची उभी पट्टी असते. तिच्यावर जाहिरात आणि किंमत छापलेली. पूर्वी लोक ती फाडून टाकत, म्हणून आता ती जिच्यावर शाबूत आहे अशा जुन्या रेकॉर्डची किंमत चढी. खरा जाणकार पट्टी निघेल या धास्तीने रेकॉर्ड बाहेर काढत नाही आणि तोच अल्बम मोबाइलवर ऐकतो. त्यामुळे उसनी देण्याचा प्रश्नच येत नाही. तरी मागणारे मागतात. "एका दिवसाने आणून देतो," असं शपथेवर सांगतात. त्यांना तोंडावर नाही म्हणू नये, संबंध बिघडतात. आधी लक्षात ठेवलेली नावं आठवावीत, त्यांत मागणारा बसतो का बघावं, आणि बसत असेल तर 'सुपर रूट्स ४' पुढच्या बैठकीला नक्की घेऊन येण्याचं कबूल करावं.